बहिऱ्या पिस्तुलाची रुजवात

माझी सगळी नोकरी नक्कल विभागात गेली. बाहेरच्या माणसाला नक्कल म्हटलं की परीक्षेतली कॉपी आठवते, नाहीतर गॅदरिंगमध्ये मास्तरांच्या चालण्याची केलेली. आमच्या जमीन-दप्तराच्या कचेरीत मात्र नक्कल ही भारदस्त गोष्ट होती. शेतकरी अर्ज घेऊन यायचा, आम्ही त्याच्या आज्याच्या नावाचा पिवळा पडलेला कागद दप्तरातून काढायचो आणि हुबेहूब उतरवून द्यायचो. मग रुजवात. म्हणजे एकाने अस्सल कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत ऐकायचं. अस्सलात शाईचा डाग असला तर नकलेत 'येथे डाग आहे' असं लिहायचं. सगळं जुळलं की खाली शिक्का: अस्सलबरहुकूम खरी नक्कल. त्या शिक्क्यावर कोर्ट विश्वास ठेवायचं, बँक ठेवायची, भाऊ भावावर ठेवत नसला तरी त्या शिक्क्यावर ठेवायचा.

तीस वर्षं असं बोट फिरवलेला मी माणूस. अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि त्याच मी, पंचवीसेक वर्षांपूर्वी कचेरीच्या कामाने अकोल्याला गेलो असताना, भंगाराच्या दुकानातून एक फौजी पिस्तुल अस्सल म्हणून विकत आणलं.

दुकानदाराने ते एका फुटक्या समईच्या मागून काढलं होतं. लांब नळी, चकमकीचा घोडा, पितळी मढवणीची लाकडी मूठ, आणि बाजूच्या पट्टीवर मुकुटासारखं काहीतरी कोरलेलं. मी विचारलं, "अस्सल आहे का?" तो म्हणाला, "साहब, जितना मैं असली हूँ उतना ये है." त्याला मी ओळखत नव्हतो, त्यामुळे हे उत्तर तपासायची काही सोय नव्हती, पण तेव्हा ते मला फार पक्कं वाटलं. अडीच हजार मोजले. त्या काळी ते मला परवडणारे नव्हते, हे बायकोने पुढे अनेक वर्षं वेगवेगळ्या शब्दांत समजावून सांगितलं.

पिस्तुल अमरावतीला आमच्या राजापेठेतल्या घरी बैठकीच्या भिंतीवर लागलं. पहिल्या वर्षी कोणी विचारलं तर मी खरं सांगायचो, अकोल्याला भंगारात मिळालं. ऐकणारा "असं का" म्हणून चहाकडे वळायचा. मग मी 'भंगार' शब्द गाळला आणि 'एका जुन्या घराण्यातून' असं म्हणू लागलो. चहा जरा उशिरा उचलला जाऊ लागला. त्यानंतर ते जुनं घराणं आमचंच निघालं. शेवटी माझे पणजोबा निजामाच्या रिसाल्यात घोडेस्वार झाले आणि हे पिस्तुल त्यांच्या कमरेचं. मी एकदम खोटं कधीच बोललो नाही. वर्षाला थोडं थोडं बोललो. त्यामुळे मला स्वतःलाही ते कळायला वेळ लागला.

मुलीला बघायला अकोल्याची मंडळी आली तेव्हा गोष्ट पूर्ण वाढलेली होती. मुलाचे वडील म्हणजे पुढचे माझे व्याही, आमच्याकडे इवाई म्हणतात. काळ्या जमिनीचा जुना शेतकरी, कापूस-तुरीचा, अकोल्यात मोठं घर. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद. त्यांनी मुलीला दोन प्रश्न विचारले आणि पिस्तुलाबद्दल वीस. मीही भरात आलो. पणजोबांच्या घोड्याचा रंग त्यांनी विचारला, तोही मी सांगितला, काळ्यावर पांढरे पट्टे. अबलख.

लग्न झालं. हुंडा त्यांनी घेतला नाही, मानपानाचं नाव काढलं नाही. मुलगी सुखात. फक्त अकोल्याला गेलो की तिथे बैठकीत बसलेल्या कोणालाही इवाई माझी ओळख करून द्यायचे ती अशी: "हे आमचे इवाई. यायचे पणजोबा रिसाल्यात होते. अबलख घोडा." आणि पाण्याचा तांब्या घेऊन आलेली मुलगी माझ्याकडे न बघता आत जायची.

गेल्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचा ठरला. बायकोने भिंत मोकळी केली, पिस्तुल टॉवेलात गुंडाळून पलंगावर ठेवलं आणि म्हणाली, "अजी, हे आता परत टांगायचं नाई. इका, नाईतर माळ्यावर टाका." चार दिवसांत अकोल्याहून इवायांचा फोन. मुलीकडून त्यांना रंगाचं कळलं होतं.

"इवाई, पिस्तुल काढलं म्हनते तुमी."

"हो, काढलंय. रंग सुरू आहे."

"मंग मले द्या. नवी बैठक बांधली, थ्या भितीवर जागाच ठेवली मी."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "न्या की. तुमचंच आहे. कधी पाठवू?"

"पाठवू नका. किंमत सांगा."

"किंमत कसली जी, घरातल्या घरात."

"नाई. पोरीच्या बापाकडून फुकट आन्लं तं लोक म्हनतीन, लग्नात घेतलं नाई थे आता काढून राह्यला. हुंड्यात पिस्तुल घेतलं असं होईन. तुमी कोन्या जानकाराले दाखवा, किंमत करा अन् सांगा. त्यात एक रुपया कमी देनार नाई."

फोन ठेवला आणि मी तिथेच खुर्चीवर बसलो. भेट द्यायची वाट त्यांनी स्वतःच्या चांगुलपणाने बंद केली होती. किंमत सांगणं भाग होतं, आणि किंमत म्हणजेच कबुली. अस्सलाची किंमत सांगितली तर ज्याने आमच्याकडून दमडी घेतली नाही त्याला मी फसवणार. नकलेची सांगितली तर इतकी वर्षं त्याने माझ्या शब्दावर गावभर सांगितलेलं खोटं ठरणार, आणि त्या घरात राहायचंय माझ्या मुलीला. सासऱ्याला चारचौघांत तोंडघशी पाडणाऱ्या बापाची लेक म्हणून.

तरी मनात एक किडा होताच. नक्कल असेल असं मला आतून वाटत होतं, पण कोणी तपासलंय कुठे? अस्सल निघालं तर?

गल्लीतल्या निवृत्त हवालदारांना सहज विचारलं. ते म्हणाले, "अस्सल असन तं लायसनचं पाहा. जुन्या हत्याराले सूट असते, पन थे कोनीतरी ठरवा लागते. अन् चालत असन तं मले सांगू नका, मी रिटायर झालो." म्हणजे माझी अवस्था अशी की अस्सल असलं तर पोलीस आणि नक्कल असली तर इवाई. त्या रात्री मी पहिल्यांदाच देवाजवळ मागणं मागताना काय मागायचं याचा विचार करत बसलो.

बायकोला म्हटलं, "अस्सल असेल तर?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हे घरी आलं त्याच वर्षी दिवाळीत मी थ्याले चिंच लावली होती घासाले. पितळ पांढरं पडलं. मी मंग पिवळा रंग आनून लावला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमाले एकच तं नाद. दारू ना पत्ते. म्हटलं राहू द्या." मग जरा थांबून म्हणाली, "अकोल्याले जाऊन खरं सांगून टाका."

"सांगेन की. योग्य वेळ पाहून."

"योग्य वेळ अबलख घोड्यावर बसून गेली," ती म्हणाली.

अकोल्यातच जुन्या शहरात एक कारागीर असल्याचं हवालदारांनीच सांगितलं होतं. त्याच्या आज्याकडे गावोगावच्या भरमार बंदुका दुरुस्तीला यायच्या, शेतकरी रानडुकरांसाठी ठेवत त्या, पुढून दारू ठासायच्या. मी ठरवलं, आधी त्याच्याकडे किंमत करायची आणि तसंच इवायांकडे जायचं. इवायांना फोनवर फक्त पिस्तुल घेऊन येतोय एवढंच कळवलं. पिस्तुल टॉवेलात, टॉवेल पिशवीत, पिशवी मांडीवर, असा एसटीत बसलो.

बडनेऱ्याला शेजारी एक म्हातारी बाई बसली. मूर्तिजापूर यायच्या आत पिशवीच्या तोंडातून मूठ बाहेर आली. मी ती टॉवेलाने झाकू लागलो. बाईने नीट वाकून पाहिलं.

"भाऊ, तोटी हाये का नळाची?"

"हो माय."

"पितळेची दिसते. कितीले पडली?"

"अडीच हजार."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पिशवी आवळून घेतली. "अडीच हजाराची तोटी," ती खिडकीकडे बघून म्हणाली, "अन् पानी आठ दिवसातून एकदा." पिस्तुलाची ती पहिली किंमत झाली.

कारागिराचं दुकान दहा बाय आठचं. दारात फवारणीचे पंप ओळीने लावलेले, आत एक शिवणयंत्र उघडून पडलेलं. साठीच्या पुढचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, डोळ्याला दोरीने बांधलेला चष्मा. मी त्यांना चाचा म्हणालो. ते म्हणाले, "दादा बंदूक बनाते थे, अब्बा कुलूप, मैं फवारे. नीचे नीचे आ रहे हम. दिखाओ."

मी टॉवेल उघडला. चाचांनी पिस्तुल हातात घेतलं, तोललं, आणि लोहचुंबकाचा एक तुकडा नळीला लावला. तुकडा घरंगळून फळीवर पडला.

"लोहा नहीं है," ते म्हणाले. "जस्ता है, ढलाई का. ये स्क्रू देखो." मी पाहिलं. मुठीच्या आतल्या बाजूला फुलीचा स्क्रू होता, आपल्या पंख्याला असतो तसा. पंचवीस वर्षं त्या बाजूला भिंत होती. "ऐसी बंदूक के जमाने में ये स्टार स्क्रू नहीं था साहब. और ये देखो. कान."

"कान?"

"बंदूक कू कान होता है. इधर. बाहेरची बारूद पेटली की आग कानातून अंदर जाती. इसकू कान ही नहीं. नळी बी बंद है, आगे से दो इंच बस. बहरी है तुमची बंदूक."

मी म्हटलं, "म्हणजे कधी चाललीच नाही?"

"चलने का सवालच नहीं. कितीही घोडा ओढा, तिला ऐकूच येणार नाही."

इतकं सगळं ऐकल्यावर मी खचायला हवं होतं. खरं सांगतो, मला पोलिसांपुरतं हलकंच वाटलं. मग चाचांनी मूठ अंगठ्याने घासली, नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा बदलला. "लकडी मगर असली है. सागवान. हाताने कोरलेलं है. अच्छा हात था."

"मेळघाटातलं सागवान? सेमाडोहकडचं?"

"झाड का आधार कार्ड नहीं आया मेरे पास," चाचा म्हणाले.

ते उठले. मागच्या फळीवरून पत्र्याची एक पेटी काढली, तिच्यात आज्याच्या वेळचे सुटे भाग होते. घोड्यासकट गंजलेली एक चापाची पट्टी त्यांनी शोधली, चिंधीने पुसली. मोडक्या अस्सल पिस्तुलाची, म्हणाले, दुरुस्तीला आलेलं, न्यायला कोणी आलंच नाही. ती त्यांनी माझ्या पिस्तुलाच्या पट्टीवर ठेवली. स्क्रूच्या जागा जुळल्या. घोड्याचा बाक जुळला. मुकुटाची जागा जुळली, फक्त माझा मुकुट जरा वितळल्यासारखा. चाचा एकेक जागा बोलत गेले, "ये छेद, बराबर. ये मोड, बराबर. ये कोना, थोडा घिस गया," आणि माझं बोट आपोआप खालच्या पट्टीवर फिरत गेलं.

मी एकदम म्हटलं, "चाचा, ही रुजवात झाली."

"क्या झाली?"

मी समजावलं. ते हसले. "बनाने वाले के सामने असली था, ये पक्का. आँख बंद करके नहीं बनाया उसने."

आता माझ्यातला नक्कल-कारकून जो जागा झाला तो कोणाचं ऐकेना. म्हणजे हे काही खोटं पिस्तुल नव्हे. ही खरी नक्कल आहे. अस्सलाशी ताडून पाहिलेली. हे जर कागदावर व्यवस्थित लिहून नेलं, तर मला तोंडाने काहीच बोलावं लागणार नाही. इवाई वाचतील, समजतील, आणि माझी लाज कागदाच्या घडीत राहील. तीस वर्षं कागदाने माझ्यासाठी बोलण्याचं काम केलं होतं. मी चाचांकडून वहीचं पान मागितलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'जुने फौजी पिस्तुल, चकमकीचे, नग एक. नळीस कान नाही. मुकुटाचा ठसा येथे पुसट आहे. रुजवात घेतली. अस्सलबरहुकूम खरी नक्कल. किंमत रुपये पंधराशे.' किंमत चाचांनीच सांगितली: हजार शोपीसचे, पाचशे लाकडाचे. खाली त्यांची उर्दूत सही घेतली. तपासणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "बहुत दिन बाद पंप के सिवा कुछ हाथ में आया," म्हणाले.

इवायांच्या घरी पोचलो तर नव्या बैठकीत त्यांचे दोन मित्र आधीच येऊन बसलेले. खास पिस्तुल पाहायला बोलावलेले. भिंतीवर खिळा ठोकून तयार. मुलगी पाणी घेऊन आली, तिने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत न जाता ट्रे धरून दाराशीच उभी राहिली.

मी पिस्तुल टेबलावर ठेवलं आणि कागद इवायांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचू लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, कुठल्या शब्दावर तो बदलतो ते. 'कान नाही'वर थोडा थांबला, पुढे गेला. आणि शेवटी पोचल्यावर तो फुलला.

"वा," ते मित्रांना म्हणाले. "याले म्हन्तेत खात्यातला मानूस. नुसतं पिस्तुल नाई आन्लं, कागदबी आन्ला. खरी नक्कल. पाहा, रुजवात घेऊन. अस्सल कागद दप्तरात असन कुठीसा, पणजोबाच्या नावाचा. यायनं नक्कल काढून आन्ली."

"अन् खाली उर्दूत सही हाये," एक मित्र वाकून म्हणाला. "निजामाच्या वख्ताचंच दिसते."

"उर्दू असनच ना. निजामाचं दप्तर."

मी गार. त्यांचं काय चुकलं? उभ्या आयुष्यात त्यांनी 'खरी नक्कल' हे शब्द कागदावरच पाहिले होते. शेतीच्या किती तरी नकला त्यांच्या कपाटात असतील. खरी नक्कल म्हणजे कागदाची, आणि जिथे कागदाची नक्कल आहे तिथे अस्सल कुठेतरी आहेच. पिस्तुलाची खरी नक्कल असं वऱ्हाडात कोणी कधी लिहिलं असेल? माझी कबुलीच माझ्या थापेचा दाखला झाली होती, सही-रुजवातीसकट.

"पंधराशे काय लिवलं हे," इवाई म्हणाले, "दप्तरातली जुनी किंमत असन. तवाचे पंधराशे म्हन्जे आताचे किती होतीन?" दुसरा मित्र हिशेब करू लागला. लाखाच्या पुढे गेला. इवाई म्हणाले, "मी पन्नास देतो, हजार. इवाई, आता नाई म्हनू नका. चेक लिहितो."

आणि ते खरोखरच चेकबुक काढायला उठले.

लोक विचारतात, मोह झाला नाही का. पैशाचा नाही झाला. गप्प राहण्याचा झाला. नुसतं गप्प बसलो असतो तरी सगळं जागच्या जागी राहिलं असतं, पणजोबा घोड्यावर, इवाई खुशीत, आणि चेक मी फाडून टाकला असता. पण दारात मुलगी उभी होती. ट्रे धरून ती माझ्याकडेच बघत होती. सासऱ्याने चेक लिहिला की ती आयुष्यभर त्या खिळ्याखालून ये-जा करणार आणि दर वेळी तिला ठाऊक असणार की बापाने तिच्या घरच्यांना पन्नास हजारांना गंडवलं.

"इवाई, थांबा," मी म्हटलं. "कागद अस्सल आहे. पिस्तुल नक्कल आहे."

ते वळले. "म्हन्जे?"

"म्हणजे नक्कल पिस्तुलाची. आज सकाळी अकोल्यातच तपासून आणलं. जस्ताचं आहे. उर्दू सही फवारे दुरुस्त करणाऱ्या चाचांची आहे, दप्तरातली नाही. अडीच हजाराला मी हे इथंच भंगारात घेतलं होतं."

हिशेब करणाऱ्या मित्राने बोटं मिटली. इवायांनी पिस्तुल उचललं, नळीत डोकावलं आणि फुलीच्या स्क्रूवरून अंगठा फिरवला.

"अन् तुमचे पणजोबा?"

"होते," मी म्हटलं. "पणजोबा होते."

"रिसाल्यात?"

"बैलगाडीवर. घोड्यावर बसले असतील तर स्वतःच्या लग्नात."

"अन् थो घोडा अबलख होता म्हन्ता."

"तो भाड्याचा असेल, रंग मी कसा सांगू?"

एका मित्राला खोकला आला. तो हसण्याचा होता, पण त्याने खोकलाच ठेवला. इवाई मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा पडला होता आणि ते पाहणं मला जड गेलं. "मी किती लोकायले सांगतलं माहीत हाये का तुमाले," ते हळू म्हणाले. "सोसायटीच्या मीटिंगमधी सांगतलं. मामलेदाराले सांगतलं."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. मुलीचा यात काही दोष नाही. तिला काही बोलू नका."

तेवढ्यात आतून विहीणबाई आल्या. हात पिठाने भरलेले. "तिले काय बोलनार हाये ते," म्हणाल्या. "मले तं लग्नाच्या पयल्या मयन्यापासून मालूम हाये."

इवायांनी मान वळवली. "तुले कोनं सांगतलं?"

"सुनेनं. तुमी अथी पाव्हन्याले घोड्याचं सांगून राह्यले होते अन् हे पोरगी सयपाकघरात तोंडात पदर कोंबून बसली होती. म्या म्हटलं, काहून वं, काय झालं? तं हसू हसू सांगतलं तिनं सगळं. तिच्या मायनं रंग लावला थेबी सांगतलं. त्या दिसापासून आमच्या दोघीत काही झाकपाक नाई."

"अन् मले काहून नाई सांगतलं?"

"किती खुशीत सांगत होते तुमी. घोडा आला का आवाज बदले तुमचा. म्हटलं, राहू द्या."

हे वाक्य मी माझ्या घरीही ऐकलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी हे खोटं पेलून धरलंय. धरलं होतं बायको, विहीणबाई आणि मुलगी या तिघींनी, आमच्या दोघांची करमणूक होत होती म्हणून. माझ्या मुलीची त्या घरातली पत माझ्या पिस्तुलावर टांगलेली नव्हतीच. ती तिने पहिल्याच महिन्यात, सासूजवळ बसून, खरं सांगून कमावली होती.

इवायांनी चेकबुक खिशात घातलं. पिस्तुल अजून हातात होतं. मला वाटलं परत देतील. त्यांनी कागद पुन्हा उचलला आणि पुन्हा वाचला, या वेळी प्रत्येक शब्दावर थांबून.

"किंमत पंधराशे लिवली," ते म्हणाले. "कान नसून?"

"पाचशे लाकडाचे आहेत. सागवान आहे."

"लाकडाचे तीनशे. सागवानाचा तुकडा किती, एवढासा."

"बरं, तीनशे."

"अन् शोपीसचे सातशे."

"सातशे."

ते चिडले. "अजी, जरा तं भाव करा. लगेच हो हो काय करून राह्यले? अशानं मजा येते का?"

मग मी बाराशेवर अडलो. ते हजारावर. विहीणबाई पिठाचे हात घेऊन मध्ये उभ्या. मित्रांपैकी एक माझ्या बाजूने झाला, म्हणाला कोरीव काम आहे, अकराशे द्या. दहा-पंधरा मिनिटं आम्ही एका बहिऱ्या पिस्तुलासाठी बैलाच्या बाजारात भांडावं तसे भांडलो आणि अकराशेवर सौदा झाला. इवायांनी नोटा मोजून माझ्या हातात ठेवल्या आणि पिस्तुल स्वतः खिळ्यावर टांगलं. फुलीचा स्क्रू बाहेरच्या बाजूला ठेवला. म्हणाले, आता विचारलं तर हे आधी दाखवीन, मंग तुमाले फोन लावून देईन, तुमीच सांगा.

जेवायला पातोडीची भाजी आणि भाकरी होती. इवाई माझ्या शेजारी बसले आणि मी नको म्हणत असताना त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी पातोड्या वाढल्या. वाढता वाढता विचारलं, "इवाई, एक सांगा. घोडा अबलखच काहून? पांढरा काहून नाई?"

मी घास गिळला. "पांढरा म्हटलं असतं तर तुम्हाला खोटं वाटलं असतं."

आधी मुलगी हसली. दारामागे नाही, पदरात नाही. भाकरीची टोपली हातात घेऊन, सासऱ्यासमोर, तोंड उघडून. लग्नानंतर त्या घरात तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. इवायांनी तिच्याकडे पाहिलं, जरा रागावायचा विचार केलासा वाटला, पण त्यांचंही पोट हलायला लागलं होतं. "हस, हस," ते म्हणाले. "अन् थ्या तुया बापाले अजून एक भाकर वाढ."

तिने वाढली, आणि हसू थांबत नव्हतं म्हणून अर्धी माझ्या ताटात पडली, अर्धी इवायांच्या.